दंशाची खूण नसलेला रुग्ण आणि पहिला अर्धा तास

ग्रामीण रुग्णालयात नुकत्याच रुजू झालेल्या एका तरुण डॉक्टरांनी विचारले आहे की, पुस्तकातल्या वर्णनात न बसणारे तातडीचे रुग्ण ओळखायचे कसे आणि व्हेंटिलेटर, रक्तातील वायू तपासण्याचे यंत्र किंवा फिजिशियन यांपैकी काहीही हाताशी नसताना पहिल्या अर्ध्या तासात नेमके काय करायचे, आणि रुग्ण पुढे कधी पाठवायचा. पहाटे पोटदुखी घेऊन आलेल्या एका शेतमजुराला त्यांनी आम्लपित्ताचे इंजेक्शन देऊन बाकावर बसवले आणि दोन तासांत त्याचा श्वास बंद पडत आला. १०८ ची रुग्णवाहिका त्या वेळी आवारातच उभी होती म्हणून तो वाचला, असे ते लिहितात.

अशा जागी मी बरीच वर्षे काढली आहेत, तेव्हा अनुभवावरून सांगतो. ज्यांना आपण विचित्र केसेस म्हणतो त्या बहुधा विरळ आजारांच्या नसतात. आपल्याकडचेच नेहमीचे विष वेगळी तक्रार पुढे करून येते, एवढेच. मण्यार चावलेला माणूस पोटदुखी सांगतो, विंचू चावलेले मूल दम लागला म्हणून आणले जाते, फवारणीचे औषध अंगावर घेतलेला मजूर चक्कर आली म्हणतो. तक्रारीच्या मागे गेलो की वेळ जातो. म्हणून तक्रार ऐकत असतानाच पापण्या, घाम, हातापायांचा गारठा आणि रक्ताचा रंग या चार गोष्टी पाहण्याची सवय लावून घ्यावी. त्यांना यंत्र लागत नाही आणि पुढे लिहिलेला जवळजवळ प्रत्येक उपचार यांतल्याच एखाद्या खुणेवर सुरू करता येतो.

तुमचा रुग्ण बहुधा मण्यारीचा असावा, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. मण्यार रात्री फिरते, उंदीर, पाली आणि लहान सापांच्या मागे घरात शिरते आणि जमिनीवर गोधडी अंथरून झोपलेल्या माणसाला अंथरुणातच चावते. तिचे दात आखूड असतात. दंश फारसा दुखत नाही, सूज येत नाही आणि खूण पुष्कळदा भिंगातूनही सापडत नाही. कित्येक जण जागेही होत नाहीत. पहाटे पोटात कळ येते, एक-दोन उलट्या होतात, घसा दुखतो, गिळताना अडखळते, आणि घरचे म्हणतात की रात्रीचे जेवण बाधले. सर्पदंश हा शब्दच कोणाच्या तोंडी येत नाही, आणि आला तरी आपल्याकडची माणसे ‘साप चावला’ असे सहसा म्हणत नाहीत. ‘पान लागलं’, ‘लांबडं दिसलं’ असे आडून बोलतात आणि शहरात वाढलेल्या डॉक्टरच्या ते कानावरून जाते. म्हणून पहाटेच्या प्रत्येक पोटदुखीला मी दोन प्रश्न विचारतो : काल खाली झोपला होतात का, आणि रात्री काही चावल्यासारखे वाटून जाग आली होती का? पहिल्याचे उत्तर ‘हो’ आले की त्या रुग्णाला बाकावर बसवायचे नाही. त्याला नजरेसमोरच्या खाटेवर घ्यायचे आणि दर पंधरा मिनिटांनी तपासायचे.

तपासणी अशी करावी. रुग्णाला डोके न हलवता तुमच्या बोटाकडे वर बघायला सांगा आणि बोट पूर्ण मिनिटभर तिथेच धरा. पहिल्या दहा सेकंदांत पापण्या ठीक असतात. नंतर त्या हळूहळू उतरू लागतात, आणि रुग्ण त्या उघड्या ठेवण्यासाठी कपाळाला आठ्या घालतो. या आठ्यांवरूनच पुष्कळदा मला पहिला संशय येतो. मग एकाची दोन बोटे दिसतात का ते विचारा, जीभ पूर्ण बाहेर काढायला सांगा, उशीवरून मान उचलायला लावा आणि एका श्वासात आकडे मोजायला सांगून कुठपर्यंत पोचला ते वेळेसह केसपेपरवर लिहून ठेवा. पंधरा मिनिटांपूर्वी तिसापर्यंत गेलेला माणूस आता बारावर थांबत असेल, तर बोटावरच्या ऑक्सिमीटरवर ९८ दिसत असले तरी त्याला महत्त्व देऊ नका. स्नायू थकत चाललेल्या रुग्णात ऑक्सिजनचा आकडा सर्वांत शेवटी पडतो.

पापणी उतरली की सर्पविषप्रतिबंधक लस सुरू करायची. आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही जातींवर चालते, त्यामुळे जात ओळखण्यात वेळ घालवू नये. नातेवाइकांनी मारून आणलेला साप पाहण्यात तर अजिबात घालवू नये, कारण बिनविषारी कवड्या आणि मण्यार यांत चांगले जाणकारही गफलत करतात. दहा कुप्या सलाईनमध्ये मिसळून साधारण तासाभरात शिरेतून द्याव्यात. मुलालाही तेवढ्याच द्याव्यात. सापाने मूल आहे म्हणून विष कमी सोडलेले नसते. त्वचेवर थोडी लस टोचून पाहण्याच्या चाचणीचा उपयोग नाही. त्याऐवजी लस सुरू करण्याआधीच अॅड्रिनॅलिन सिरिंजमध्ये भरून उशाशी ठेवा आणि अंगावर गांधी उठल्या, धाप लागली किंवा रक्तदाब कोसळला तर मोठ्या माणसाला अर्धा मिलिग्रॅम मांडीच्या स्नायूत द्या. प्रतिक्रिया शमली की लस पुन्हा सुरू करा. प्रतिक्रिया आली म्हणून लस कायमची बंद करून रुग्ण पुढे पाठवलेला मी पाहिला आहे आणि ती चूक महाग पडते.

इथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. मण्यारीचे विष मज्जातंतूच्या टोकालाच इजा करते. लस रक्तात फिरणारे विष पकडते, पण जी टोके निकामी झाली ती तिला दुरुस्त करता येत नाहीत. ते काम शरीर स्वतः करते आणि त्याला दिवस लागतात. त्यामुळे लस देऊनही रुग्णाचा अशक्तपणा वाढत गेला तर लस वाया गेली असे समजून कुप्यांमागून कुप्या ओतू नयेत. मज्जातंतूंवर परिणाम करणाऱ्या दंशात पहिल्या दहांनंतर गरज पडल्यास आणखी दहा, एवढीच मर्यादा आपल्या राष्ट्रीय मार्गदर्शिकेने ठेवली आहे. नागाचे विष पुढच्या बाजूला, स्नायूवरच्या जागा अडवून बसते आणि म्हणून तिथे स्नायूंना पुन्हा बळ देणारे निओस्टिग्मिन हे औषध चांगले लागू पडते. साप कोणता हे ठाऊक नसताना आधी अॅट्रोपिन ०.६ मिलिग्रॅम शिरेतून देऊन मग निओस्टिग्मिन १.५ मिलिग्रॅम देऊन पाहणे योग्यच आहे, पण दोन-तीन मात्रांनंतरही पापणी हलली नाही तर तो नाद सोडावा आणि सारे लक्ष श्वासावर द्यावे.

मण्यारीच्या रुग्णाला वाचवतो तो श्वास. लाळ गिळता येईनाशी झाली, आवाज नाकातून येऊ लागला, मान उचलेनाशी झाली की श्वासनलिकेत नळी घालायची. ऑक्सिजनचा आकडा पडायची वाट पाहायची नाही. व्हेंटिलेटर नसला तरी हाताने दाबून श्वास देणारी अंबू बॅग आहे. पाच ते सहा सेकंदांना एकदा, छाती उचलेल एवढीच दाबायची. घाबरलेला माणूस ती भराभर दाबतो आणि त्याने अपायच होतो. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत एका रुग्णाला जीपमधून जिल्ह्याच्या ठिकाणी न्यावे लागले. घाटातला रस्ता, बरोबर एकच परिचारिका. रुग्णाच्या धाकट्या भावाला मी बॅग दाबायला शिकवली आणि तो पूर्ण दोन तास ‘एक, दोन, तीन, चार, दाब’ असे मोठ्याने म्हणत राहिला. मध्येच आवाज थांबला की मी मागे वळून पाहत होतो. नवव्या दिवशी त्या रुग्णाची नळी निघाली आणि पुढे भेटायला आला तेव्हा त्याने सांगितले की भावाचे ते मोजणे त्याला सगळे ऐकू येत होते. निघण्यापूर्वी कोणीतरी व्हरांड्यात गाडी कशाला, आता घरीच न्या असे म्हणाले, तेही त्याने ऐकले होते.

हे मुद्दाम सांगितले, कारण पूर्ण लुळा पडलेला मण्यारीचा रुग्ण मेंदू मृत झाल्यासारखा दिसतो. बाहुल्या मोठ्या होतात, उजेडाला दाद देत नाहीत, टोचले तरी हालचाल नसते. आत मात्र माणूस जागा असू शकतो. त्याच्या खाटेशी काय बोलायचे याचे भान ठेवा, झोपेचे औषध द्या, डोळ्यांत मलम घालून पापण्या चिकटपट्टीने मिटवा, आणि केवळ बाहुल्यांवरून नातेवाइकांना आशा सोडायला सांगू नका.

विंचवाबद्दल महाराष्ट्रातल्या डॉक्टराला खरे म्हणजे अधिक सांगावे लागू नये, कारण जगाने हा धडा आपल्याकडून घेतला. लाल विंचवाच्या विषावर उपाय नाही असे मानले जात होते, त्या काळात महाड परिसरात काम करणारे डॉ. हिंमतराव बावस्कर रुग्णांच्या खाटेशी बसून तासातासाला नोंदी करत होते. १९८२ मध्ये त्यांनी या दंशाची हृदयावरील परिणामांची पूर्वचिन्हे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडली आणि १९८६ मध्ये तिथेच प्राझोसिन या औषधाचा अनुभव प्रसिद्ध केला. त्यापूर्वी गंभीर रुग्णांतले तीस-चाळीस टक्के दगावत. प्राझोसिन वेळेवर मिळू लागल्यावर हे प्रमाण एखाद्या टक्क्यावर आले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. प्राझोसिन ही रक्तदाबावरची साधी, स्वस्त, तोंडाने घ्यायची गोळी आहे आणि तरीही ती कित्येक ठिकाणी कपाटात सापडत नाही, याचे मला अजूनही आश्चर्य वाटते.

येथे फसवणारी गोष्ट वेदनेची आहे. विंचू चावल्यावर जो माणूस वेदनेने थयथयाट करतो, पण ज्याला घाम नाही, उलटी नाही आणि ज्याचे हातपाय गरम आहेत, त्याची काळजी बहुधा कमी असते. दंशाच्या जागी भूल देणारे इंजेक्शन आणि वेदनाशामक एवढ्याने भागते. दंशाची फारशी तक्रार न करता गप्प पडलेले, घामाने कपडे भिजलेले, ओकणारे, पायाचे तळवे बर्फासारखे गार झालेले मूल मात्र धोक्यात असते. मुलग्यांत लिंगाला ताठरपणा येतो आणि संकोचामुळे तो कोणी सांगत नाही, म्हणून चड्डी काढून पाहावे. विषामुळे मज्जातंतूंमधले सोडियमचे मार्ग उघडे राहतात, अॅड्रिनॅलिनसारख्या द्रव्यांचा शरीरात पूर येतो, रक्तवाहिन्या आवळतात, हृदयावर भार पडतो आणि पुढच्या काही तासांत फुप्फुसात पाणी भरते. खोकल्याबरोबर गुलाबी फेस दिसतो तेव्हा दम्याचे औषध देण्यात काहीच अर्थ नसतो. मांत्रिकाने ‘विंचू उतरवला’ की बरे वाटते ते पहिल्या प्रकारच्या रुग्णांना. ते तसेही बरे होणारच असतात, आणि त्यांच्या जोरावर त्याचे नाव टिकून राहते.

गारठा, घाम आणि उलटी ही चिन्हे दिसली की प्राझोसिन द्यावे. मात्रा वजनाच्या दर किलोमागे ३० मायक्रोग्रॅम. गोळी साधी हवी, हळूहळू विरघळणारी नको. तीन तासांनी पुन्हा पाहून गरजेप्रमाणे मात्रा द्यावी आणि हातपाय गरम व कोरडे होऊन हातावरच्या शिरा सहज दिसू लागेपर्यंत औषध चालू ठेवावे. या काळात रुग्णाला आडवेच ठेवायचे. आईने मुलाला उचलून कडेवर घेतले आणि रक्तदाब कोसळून मूल निपचित झाले, असे पहिल्या मात्रेनंतर घडू शकते; म्हणून आईला आधीच समजावून सांगावे. उलट्या-घामाने पाणी गेलेले असेल तर तोंडाने जलसंजीवनी द्या, पण शिरेतून बाटल्यांमागून बाटल्या सोडू नका, कारण फुप्फुस आधीच भरायच्या बेतात असते. अॅट्रोपिन देऊ नका. घाम थांबतो, पण हृदयाचे ठोके आणखी वाढतात. स्टिरॉइड आणि अॅलर्जीच्या इंजेक्शनाचा उपयोग नाही, ती निव्वळ सवयीने दिली जातात. विंचवाची लस मिळत असेल तर प्राझोसिनच्या जोडीला ती द्यावी. दोन्ही मिळून रुग्ण लवकर सावरतो हे बावस्करांच्याच २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक अभ्यासात दिसले आहे.

आता रक्ताच्या रंगाकडे येतो. हा प्रसंग तुमच्या वाट्याला वर्षातून एखाद्या वेळीच येईल, पण आला तर चुकू नये असा आहे. फूल-फळधारणा वाढावी म्हणून शेतकरी फवारतात त्या काही द्रवांमध्ये नायट्रोबेंझिन असते. ते कोणी प्यायले की काही वेळाने ओठ आणि नखे शिसवी-निळसर होतात. ऑक्सिजन लावला तरी ऑक्सिमीटर ८५ च्या आसपास अडकून बसतो. वाढवला तरी हलत नाही, कमी केला तरी फारसा पडत नाही. छाती मात्र स्वच्छ असते. येथे सुईने थोडे रक्त काढून पांढऱ्या गॉजवर एक थेंब टाका आणि शेजारी स्वतःच्या किंवा परिचारिकेच्या रक्ताचा थेंब टाका. निरोगी रक्त हवेत लालभडक होते. रुग्णाचा थेंब चॉकलेटी तो चॉकलेटीच राहतो. रक्तातल्या लोहाचे रूप पालटल्याने ते ऑक्सिजन वाहू शकत नाही, ही मेथहिमोग्लोबिनची अवस्था, आणि तिच्यावर मिथिलिन ब्लू हा उतारा आहे. किलोमागे १ ते २ मिलिग्रॅम, शिरेतून, पाच मिनिटे घेऊन सावकाश द्यायचे. देताना ऑक्सिमीटरचा आकडा क्षणभर आणखी खाली जातो, कारण निळा रंग यंत्राला फसवतो. त्याने घाबरून इंजेक्शन थांबवू नका. तोंडावरचा निळेपणा अर्ध्या-एक तासात ओसरताना दिसेल. नंतर लघवी हिरवी-निळी होते, हे नातेवाइकांना आधीच सांगून ठेवले तर तुमची रात्रीची एक धावपळ वाचते. नायट्रोबेंझिन चरबीत साठून पुन्हा रक्तात उतरते, म्हणून सुधारलेला रुग्ण काही तासांनी परत निळा पडू शकतो आणि मात्रा पुन्हा द्यावी लागते. जी-सिक्स-पीडी या विकराची कमतरता असलेल्यांना मात्र हे औषध उलटते. त्यांच्या रक्तपेशी फुटतात, तेव्हा कुटुंबात तसा इतिहास आहे का हे विचारावे. आणखी एक खबरदारी घ्यावी : प्रयोगशाळेत काचेवर लावायचा मिथिलिन ब्लू वेगळा असतो, तो शिरेत द्यायचा नाही. इंजेक्शनाच्या कुप्या आधीच मागवून ठेवाव्यात.

सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशकांबद्दल थोडक्यात लिहितो, कारण ते तुम्ही शिकलेला आहात. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करणारे वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो जण रुग्णालयांत भरती झाले, तेव्हापासून ‘प्यायला नाही, फक्त फवारले’ या वाक्याला हलके घेणारा डॉक्टर मला तरी आवडत नाही. टाचणीएवढ्या बाहुल्या, लाळ, घाम आणि छातीत घरघर दिसली की कपडे उतरवून अंग साबणाने धुवा आणि अॅट्रोपिन दर पाच मिनिटांनी दुप्पट करत न्या. थांबण्याची खूण छाती स्वच्छ होणे आणि काख कोरडी पडणे ही आहे. नाडी वेगात आहे म्हणून हात आखडू नका. हा रुग्ण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बरा दिसत असताना अचानक श्वास सोडू शकतो. तो इशाराही मान उशीवरून न उचलण्यातूनच मिळतो, तेव्हा राउंडला रोज मान उचलायला लावा. मात्र सर्वच फवारण्या या गटातल्या नसतात. बाहुल्या लहान नसतील आणि अंग कोरडे असेल, तर डबा मागवून त्यावरचे रासायनिक नाव वाचल्याशिवाय अॅट्रोपिनचा मारा करू नये.

पिवळ्या कण्हेरीच्या बिया, म्हणजे बिट्टी, खाल्लेला रुग्णही असाच फसवा. तो उलटी करून मोकळा होतो, हसतो, बोलतो, घरी जाऊ का विचारतो. त्याला चोवीस तास सोडू नका. दर काही तासांनी ईसीजी काढा आणि ठोके मंदावू लागले तर अॅट्रोपिन देत पेसमेकरची सोय असलेल्या ठिकाणी हलवा.

हे उत्तर डॉक्टर नसलेले कोणी वाचत असतील तर त्यांनी यातले एकही औषध घरी देऊ नये. दंश झालेला हात किंवा पाय हलू न देता, आवळून न बांधता, चिरा न देता सरळ दवाखाना गाठावा.

रुग्ण पुढे पाठवायचा कधी, हा तुमचा शेवटचा प्रश्न. लसीची पहिली बाटली सुरू झाल्याशिवाय आणि श्वास शाबूत असल्याची किंवा नळी जागेवर असल्याची खात्री केल्याशिवाय गाडी हलवू नका. नळी घालायची वेळ जवळ येते आहे असे वाटत असेल तर ती आपल्या खाटेवर, उजेडात घाला. धावत्या गाडीत ते जमत नाही. १०८ ला फोन करताना व्हेंटिलेटर असलेली गाडी हवी आहे हे स्पष्ट सांगा. चिठ्ठीवर निदानाच्या आधी वेळा लिहा : पोटदुखी किती वाजता सुरू झाली, पापणी किती वाजता उतरली, लस किती वाजता लावली आणि किती कुप्या गेल्या, एका श्वासात कितीपर्यंत मोजले, शेवटचे प्राझोसिन किती वाजता दिले. चिठ्ठीची एक प्रत नातेवाइकाच्या खिशात द्या, दुसरी गाडीतल्या डॉक्टरांच्या हातात द्या, आणि ज्या रुग्णालयात पाठवता तिथल्या कॅज्युअल्टीला स्वतः फोन करून या सगळ्या वेळा पुन्हा वाचून दाखवा.